गौराबाईचा ढोल आणि ‘जुनी वरात’

भिवाजी सोनावळे स्वतःच्या लग्नात स्वतःच क्लॅरनेट वाजवत आला, ही गोष्ट गौराबाई सगळ्यांना तक्रार म्हणून सांगायची, पण सांगताना तिचा चेहरा खुललेला असायचा. साल चोपन्न. नवरी चौक गावची, नवरा कर्जतला लागून असलेल्या दहिवलीचा. भिवाजीनं ‘नवप्रकाश ब्रास बँड’ नुकताच उभा केला होता आणि त्यात क्लॅरनेट वाजवणारा तो एकटाच. लग्नाला आपलाच बँड घ्यायचा असं नवऱ्याकडच्यांनी ठरवलं, तेव्हा यातला घोळ कुणाच्या लक्षात आला नाही. वरात निघाली, पितळी भोंगे फुंकले गेले, ढोल धडधडला, पण चाल कुठली ते काही कळेना. दोन-चार घरं गेल्यावर नवरदेवाला राहवलं नाही. मुंडावळ्या कानामागं टाकून तो बैलगाडीतून खाली उतरला आणि क्लॅरनेट तोंडाला लावून चालू लागला.

“मी अंतरपाटाच्या खालनं बगितलं,” गौराबाई सांगायची, “तर नवऱ्याच्या पायाशी ती काळी पिपाणी उभी. मला वाटलं, माझं लगीन दोघांशी लावत्यात का काय!”

लग्नाला दोन वर्षं झाली आणि दहिवलीच्या आमच्या वाड्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. गावानं हाक मारली की हलगी घेऊन धावायचं, हे त्या दिवसापासून बंद झालं. हलग्या उतरल्या त्या उतरल्याच. मग प्रश्न आला भिवाजीच्या बँडचा. वाजवणं सोडायचं म्हणजे बँडही सोडायचा का? पिंपळाखाली बैठक बसली. भिवाजी मुळात कमी बोलणारा. क्लॅरनेट हातात नसलं की त्याला हात कुठं ठेवावेत तेही कळायचं नाही. शेवटी मागं बायकांत बसलेली गौराबाई उठली. वय असेल अठरा-एकोणीस.

“हलगीला बोलावलं की जावं लागत व्हतं,” ती म्हणाली. “बँडची सुपारी द्यायला त्यांना आपल्या दारात यावं लागतं. नको असंल तर आपण घ्यायची नाय. दोन्ही एक कसं?”

म्हाताऱ्यांना ते पटलं, पण त्यांनी अट घातली. जिथं बँडवाल्यांना बसायला खुर्ची आणि जेवायला पंगतीत ताट मिळेल, तिथंच वाजवायचं. ही अट पाळली जाते की नाही हे बघण्याचं काम गौराबाईला कुणी दिलं नव्हतं. तिनं ते आपणहून घेतलं. ती बँडबरोबर जायची, खुर्च्या मोजायची, आणि एक जरी कमी असली तरी भिवाजीला म्हणायची, “अवं, अजून फुंकू नका.” कितीतरी नवरदेव बँडवाल्यांच्या एका खुर्चीपायी उन्हात घोड्यावर ताटकळले. एकदा कशेळ्याला यजमानांनी खुर्च्याच नाहीत म्हणून शाळेतली बाकं आणून मांडली. आमचा पांडू तेव्हापासूनच अंगानं भारी, बँडातला सगळ्यात मोठा भोंगा तो वाजवायचा. तो त्या पहिलीच्या बाकात बसला आणि निघेना. वरात निघायला उशीर झाला तो बाकामुळं.

तिच्या हातात ढोल आला तो बासष्टच्या सुमाराला. बँडात काळूराम ढोल वाजवायचा. त्याला खोपोलीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो कडावच्या एका बड्या शेतकऱ्याच्या घरच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कुणाला न सांगता कामावर रुजू झाला. सुपारी घेतलेली, दुसरा ढोलवाला मिळेना. भिवाजी ओसरीवर डोकं धरून बसला. गौराबाई आत भाकऱ्या थापत होती. ती थापता थापता म्हणाली, “मी वाजवते.”

“तू?”

“आठ वर्सं ऐकतेय. भाकऱ्यासुद्धा तुमच्याच ठेक्यात थापते. बगा नीट.”

भिवाजीनं कान दिला. खरंच, तोच ठेका होता. दुसऱ्या दिवशी काळूरामचा लाल कोट, लाल विजार आणि केस आत कोंबून घातलेली टोपी अशा थाटात गौराबाई कडावला ढोल बडवत निघाली. कुणाला शंका आली नाही. खुर्च्याही पुरेशा होत्या. तीन वर्षांच्या चिंधीला तिनं शेजारणीकडं ठेवलं होतं. पण लग्न बड्या घरचं, तेव्हा शेजारीणही वरात बघायला पोरीला कडेवर घेऊन कडावला आली. ऐन चौकात चिंधीनं आईला ओळखलं आणि भोकाड पसरलं, “आये, मला पण टोपी!”

सगळी वरात ढोलवाल्याकडं बघायला लागली. ढोलवाल्यानं हात थांबवला नाही. नवऱ्या मुलाचा बाप पुढं आला. “अरे, ह्यो बाप्या हाय का बाई?”

पांडूनं तोंडातला भोंगा काढला. “ढोल वाजंल तवर बाप्या, मंग वैनी,” म्हणाला, आणि पुन्हा फुंकायला लागला.

यजमानाला ते सहन होईना. आपल्या लग्नात बाई ढोल वाजवते, लोक काय म्हणतील! त्यानं हात वर करून बँड थांबवायला सांगितलं. तेव्हा त्याची म्हातारी आई, आनंदीबाई, पदर खोचून समोर उभी राहिली. ती मघापासून नाचत होती. “थांबवलास तर आज मी जेवणार नाय,” ती मुलाला म्हणाली. “आजवर शंभर वराती नाचले. ढोलवाले आपले आभाळाकडं बघून बडवतात. ही माझ्या पायाकडं बघून वाजवती. मी थांबले की थांबती. वाजव गं, बाय!”

तिथून ‘बाईचा ढोल’ ही त्या बँडची जाहिरात झाली. नेरळपासून वावोशीपर्यंत लोक सुपारी देताना विचारायचे, “बाई येणार ना?” कोट तिनं ठेवला, टोपी ठेवली, विजार मात्र टाकली. खाली नऊवारी, वर लाल कोट आणि छातीवर ढोल. नाक्यानाक्यावर वरात थांबायची, बँडवाले गोल करून उभे राहायचे, भिवाजी डोळे मिटून एखादी चाल लांबवायचा, आणि ज्याला नाचायचं असेल त्याचं नाचून होईपर्यंत ढोल पुढं सरकायचा नाही. एक वरात गावातून फिरून यायला अर्धा दिवस घ्यायची. भटजी वैतागायचे. आचारी भात पुन्हा गरम करायचे. याला तेव्हा कुणी जुनं म्हणत नव्हतं. वरात अशीच असते असं सगळे समजत होते.

मग बेंजो पार्ट्या आल्या. टेंपोवर दोन कर्णे, बॅटरी, बेंजो, आणि एक शब्द म्हटला तर चार वेळा ऐकू येईल असं ते यंत्र. चार पोरं जो आवाज काढायची, तो नवप्रकाशच्या दहा माणसांनी जीव तोडला तरी निघायचा नाही. सुपाऱ्या आटल्या. भिवाजी खोपोलीला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. पांडूनं टेंपो घेतला आणि त्यातून बेंजो पार्ट्यांचंच सामान वाहायला लागला. गौराबाई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. ढोल घरात आडवा ठेवला गेला. त्यावर पाट टाकून गौराबाई चिंधीच्या लग्नातले पापड लाटायची. चिंधीच्या लग्नात काय वाजलं हे विचारू नये. बेंजोच वाजला, जावयाच्या हौसेखातर. गौराबाईनं त्या दिवशी कानात कापूस घालून मुलीची पाठवणी केली.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. चौऱ्याऐंशीच्या गणपतीनंतर नेरळचा सहदेव दहिवलीला आला. त्याचा धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा. डोक्यात नेहमी एखादी नवी कल्पना आणि खिशात नेहमी स्क्रूड्रायव्हर. ओसरीवर बसल्या बसल्या त्यानं सांगितलं, “काकी, लोक बेंजोला कंटाळलेत. सगळ्या पार्ट्या एकसारख्या. आता जुनं पाहिजे. तुमच्या बँडची कॅसेट काढतो. नावसुद्धा ठरलंय, ‘जुनी वरात’.”

“अरं, वाजवणारे हायत कुठं?” गौराबाई म्हणाली. “ह्यांच्या तोंडात पुढचे दात नायत. पांडूला जिना चढला की धाप लागते.”

पण भिवाजी आधीच आत जाऊन ट्रंक उघडत होता. त्यानं लाल कोट बाहेर काढला. कसरीनं कॉलर खाल्ली होती. तो कोट हातात धरून तो जसा उभा राहिला, ते बघून गौराबाईनं ढोलावरचा पाट उचलला.

रेकॉर्डिंग नेरळला सहदेवच्या गोदामात झालं. तिथं मंडपाच्या कापडाचे गठ्ठे छतापर्यंत होते, त्यामुळं आवाज घुमत नाही असं सहदेवचं म्हणणं. आवाजच काय, हवाही फिरत नव्हती. पंखा लावला तर टेपमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद. सहाजण जमले होते. सगळे घामानं निथळत लाल कोट घालून बसले. कोटाची काही गरज नव्हती, पण कोटाशिवाय वाजत नाही असं भिवाजीचं ठाम मत. त्यानं मुद्दाम या कामासाठी कवळी बसवून घेतली होती. ती सैल. क्लॅरनेटचा वरचा सूर आला की कवळी निसटायची आणि मधेच उंदीर चिरडल्यासारखा आवाज निघायचा. शेवटी गौराबाईनं कवळीखाली कापूस भरला. सूर सुधारले, पण चहा पिताना भिवाजी तो कापूस गिळून बसला, मग पुन्हा भरला.

सगळ्यात चांगली झाली ती नवरी घरी आणतानाची चाल. सगळे रंगात आले होते. तेवढ्यात पांडूची हवा संपत आली, गाल फुगले पण भोंग्यातून काही येईना. गौराबाई ढोल वाजवता वाजवता ओरडली, “पांडू, वारा पोटात नको, भोंग्यात घाल!”

पांडूनं घातला. चाल पुरी झाली. शेवटी माथेरानच्या छोट्या गाडीची शिट्टीही त्यात आली. सहदेवनं टेप मागं फिरवून ऐकली. गौराबाईचं ओरडणं स्पष्ट आलं होतं.

“पुन्यांदा वाजवू,” भिवाजी म्हणाला.

पांडू गठ्ठ्यावर आडवा झाला होता. “पुन्यांदा वाजवायचं असंल तर मला आधी जाळा, मंग वाजवा.”

“राहू दे,” सहदेव म्हणाला. “ओरिजिनल वाटतं.”

कॅसेटच्या कव्हरावर सगळ्यांचा फोटो. पांडूच्या कोटाची बटणं लागत नव्हती, म्हणून त्यानं भोंगा पोटासमोर धरला. भिवाजीनं तोंड घट्ट मिटलं होतं. गौराबाई मात्र कॅमेऱ्याकडं अशी बघत होती, जशी काही फोटोग्राफरनं तिची खुर्ची पळवलीय.

कॅसेट निघाली आणि तिनं धुमाकूळ घातला. कर्जत स्टेशनबाहेर, खोपोलीच्या नाक्यावर, साजगावच्या जत्रेत सुक्या बोंबलांच्या ढिगाशेजारी, जिथं तिथं ‘जुनी वरात’. आणि सगळ्यांना त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर ती पांडूला मारलेली हाक. ती जागा आली की पोरं नाचायचं थांबून एका सुरात ओरडायची, “वारा पोटात नको, भोंग्यात घाल!” पांडूला टेंपो चालवणं मुश्कील झालं. फाटकात उभा राहिला की मागचा ट्रकवाला मान बाहेर काढून तेच ओरडायचा.

आणि मग वाद सुरू झाला. स्टेशनबाहेरच्या चहाच्या हॉटेलात मालोजी तात्या बसायचे. रेल्वेतून तिकीट कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं समोरचा माणूस काहीही बोलला तरी त्याच्याकडं पुरावा मागायची सवय. सहदेवनं छाती फुगवून सांगितलं, “तात्या, जुना बँड जिवंत झाला की नाही?”

“जिवंत झाला?” तात्या म्हणाले. “मग त्याला सांग थांबायला.”

सहदेवनं टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. “हा बघा, थांबला.”

हॉटेलात हशा पिकला. तात्या हटले नाहीत. “आता माझी बहीण नाचायला आलीय असं समज. तिला मघाचीच चाल पाहिजे, नाचून होईपर्यंत. वाजव.”

सहदेवनं टेप मागं फिरवली, बटण दाबलं. टेप नेमकी नको तिथं लागली आणि गौराबाईचा आवाज हॉटेलभर दणाणला. तात्यांनी बशी खाली ठेवली. “माझ्या बहिणीला हे ऐकवतोस?”

त्या दिवसापासून तालुक्यात दोन पक्ष पडले. एक म्हणे, जुना बँड परत आला, बेंजोचे दिवस भरले. दुसरा म्हणे, ही जुन्या बँडची नक्कल आहे, तीही त्याच माणसांनी केलेली. न्हाव्याच्या दुकानात यावरून भांडण होऊन एकाची अर्धी मिशी तशीच राहिली. भिवाजी पहिल्या पक्षात होता. गौराबाई कुठल्याच पक्षात नव्हती. ती सुपारीची वाट बघत होती.

सुपारी काही येईना. लग्नसराई सुरू झाली, वराती निघाल्या, पण बँडला कुणी बोलावेना. बोलावणार कशाला? प्रत्येकाकडं कॅसेट होती. आमच्याच वाड्यात एक लग्न झालं. गौराबाईला पाहुणी म्हणून आमंत्रण. ती पंगतीत लाडू खात बसली होती आणि बाहेर टेंपोवरून तिचाच ढोल वाजत होता. मग तिचंच ओरडणं आलं. सगळी पंगत तिच्याकडं बघून हसली. तिनं लाडू ताटात ठेवला, हात धुतले आणि घरी आली.

“आपण आपल्याच पोटावर पाय दिला,” ती भिवाजीला म्हणाली. “पयले बेंजोवाल्यांनी काम घेतलं, आता आपण स्वताच घेतलं.”

सहदेवलाही वाईट वाटलं असावं. की त्यात त्याला नवा धंदा दिसला, सांगता येत नाही. तो पुन्हा आला. “काकी, खालापूरला एक लग्न आहे. त्यांना बँड हवाय. कोट घालून पुढं चालायचं, एवढंच. वाजवायचं नाही. वाजंल ती टेंपोवरची कॅसेट. तुम्ही नुसता हात हलवायचा.”

“म्हंजे खोटं वाजवायचं?”

“दिसायला खरं. ऐकायलाही खरंच, तुमचंच हाय की!”

गौराबाईनं स्वच्छ नाही म्हटलं. पण भिवाजीनं दोन दिवस जेवताना तोंडातून शब्द काढला नाही, आणि तो कमी बोलणारा असला तरी इतका कमी नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं कोटाची कॉलर शिवायला घेतली.

खालापूरची वरात दुपारी निघाली. पुढं सहाजण लाल कोटात, मागं माथेरानहून आणलेल्या घोडीवर नवरदेव, त्याच्या मागं पांडूच्याच टेंपोवर सहदेवचे कर्णे. कॅसेट सुरू झाली. भिवाजी डोळे मिटून बोटं हलवत होता, इतका तल्लीन की त्याला बहुतेक खरंच वाटत होतं. पांडू गाल फुगवून चालत होता, भोंग्यात जराही हवा न सोडता, आणि मधेच म्हणत होता, “वैनी, हे लई बेस काम हाय!” गौराबाई ढोलाला काठी लागू न देता हात फिरवत होती. तिचा चेहरा बघून पुढची पोरं बाजूला होत होती.

मारुतीच्या देवळापर्यंत सगळं ठीक चाललं. तिथं टेंपोची बॅटरी दमली. कॅसेटचा आवाज हळूहळू जड व्हायला लागला, खाली खाली गेला, जणू बँडातल्या सगळ्यांनाच झोप येत होती. भिवाजीचे डोळे मिटलेलेच, सुराच्या मागं जायची जन्माची सवय, म्हणून तोही हळू चालायला लागला. मग पांडू हळू झाला. मग सगळी वरात. एक एक पाऊल उचलून लोक असे चालू लागले जसे चिखलातून जातायत. शेवटी “वारा पोटात…” एवढं म्हशीच्या आवाजात ऐकू आलं, खर्रकन टेप गुंतली, आणि सगळं शांत. पांडू अजूनही गाल फुगवून उभा होता.

सगळं गाव बँडकडं बघत होतं.

गौराबाईनं काठी उचलली आणि ढोलावर मारली. एकदाच. भिवाजीनं डोळे उघडले. त्यानं तिच्याकडं बघितलं, कवळी काढून कोटाच्या खिशात ठेवली आणि नुसत्या हिरड्यांवर क्लॅरनेट धरून फुंकलं. सूर फाटका निघाला. पांडूचा भोंगा दोन पावलं मागं राहिला. पण चाल कळत होती. बाकीचे एकेक करून मिसळले.

“कॅसेट लावा, कॅसेट!” पोरं ओरडली. सहदेव टेंपोत गुंतलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळत होता.

इतक्यात डावीकडच्या आळीतून हाक आली. नवरदेवाची आत्या जानकीबाई गुडघ्यांमुळं मंडपापर्यंत येऊ शकत नव्हती, म्हणून आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. “अगं ढोलवाले! इकडं ये! मला नाचायचंय!”

गौराबाई आळीत वळली. तिच्यामागं बँड वळला. बँडमागं म्हातारी माणसं वळली. जानकीबाई भिंतीला धरून उभी राहिली, एक पाय उचलला, दुसरा उचलेना. गौराबाईनं ठेका धरून ठेवला. ती त्या पायाकडं बघत होती. तो उचलला गेला तेव्हाच ढोल पुढं सरकला. म्हातारी हसली. मग शेजारची एक उतरली, तिचा नवरा उतरला. इकडं रस्त्यावर सहदेवची टेप दुरुस्त झाली, जवळच्या जीपची बॅटरी जोडली गेली, आणि पोरं आनंदानं ओरडत टेंपोबरोबर मंडपाकडं निघाली.

घोडी मात्र लग्नाच्या कामातली जुनी होती. तिला एवढंच ठाऊक की लाल कोटवाल्यांच्या मागं जायचं. तिचा मालक टेंपोपुढं नाचत होता. नवरदेवानं लगाम ओढून बघितला, पण घोडी शांतपणे आळीत शिरली आणि जानकीबाईच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

मंडपाच्या दारात टेंपो पोचला तेव्हा नवरीची आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. पोरं बेभान नाचत होती. तिनं ताट उचललं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. “नवरदेव कुठं हाय?”

पोरांनी मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

भटजींनी घड्याळाकडं बघून कपाळावर हात मारला. नवरीच्या बापाला वाटलं, मुलगा पळाला. सहदेवनं माईक हातात घेतला आणि सगळ्या खालापुरात घोषणा केली, “नवरदेवाला विनंती आहे, त्यांनी असतील तिथून त्वरित मंडपात यावं. मंडळी वाट बघत आहेत.” ते ऐकून नवरदेव घोडीवरून खाली उतरायला लागला, पण जानकीबाईनं त्याचा हात धरला. “माझं एक राहिलंय,” म्हणाली. आत्याला नाही कसं म्हणणार? तो बाशिंग सांभाळत तिच्याबरोबर नाचला.

लग्न लागलं. आपलं घड्याळ पुढं असल्याचं भटजींनी मोठ्या मनानं मान्य केलं. अर्धं गाव म्हणालं, अशी वरात वीस वर्षांत झाली नाही. अर्धं म्हणालं, कॅसेट किती छान चालली होती, या म्हाताऱ्यांनी घोळ घातला. तात्यांनी पुढं हॉटेलात विचारलं, “काय गौराबाई, परत आला का जुना बँड?” तर ती म्हणाली, “तात्या, एक आळीभर आला. तिच्याफुडं नाय.” सहदेवला मात्र तिनं बजावलं की खोटं वाजवायला पुन्हा बोलवायचं नाही. सहदेवनं मान डोलावली. त्याच्या डोक्यात तेव्हा व्हिडिओची कल्पना आली होती.

पुढच्या लग्नसराईत एकच सुपारी आली. ठाकूरवाडीहून, घाटातल्या रेल्वेच्या छोट्या हॉल्टजवळच्या वस्तीतून. बुधाजी नावाचा रेल्वेचा गँगमन पायऱ्यांवर बसून संकोचानं म्हणाला, “बाय, कॅसेट आमीबी आयकलीय, कर्जतला. लई ग्वाड. पर आमच्याकडं करंट नाय. मंग म्हटलं, तुमालाच बोलवावं.”

गौराबाई इतकी हसली की भिवाजी आतून धावत आला.

बँडची माणसं गाडीनं घाट चढून गेली. ढोल डब्याच्या दारात अडकला, दोन पॅसेंजरांनी ओढून आत घेतला. वस्तीवर खुर्च्या नव्हत्या. गौराबाईनं बघितलं, तर नवरीचा बाप, सासरा, म्हातारेकोतारे सगळेच दगडांवर बसले होते, आणि बँडसाठी सगळ्यात सावलीतले दगड झाडून ठेवले होते. तिनं पदर खोचला आणि ढोल गळ्यात घातला. पांडूनं बसूनच वाजवलं, थकला की थांबला, आणि तो थांबला की वस्तीतले ढोलकरी त्यांचं वाजवायचे. कुणाला घाई नव्हती. भिवाजी हिरड्यांवरच वाजवत होता. एक पोर त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होतं. भिवाजीनं खिशातली कवळी काढून दाखवली, तर ते किंचाळत आईकडं पळालं.

परतीची गाडी चुकली. सगळे बोगद्याच्या तोंडापाशी हॉल्टच्या कट्ट्यावर बसले, दुपार कलत होती. बँडवाल्यांनी आपसात एक चाल धरली, वेळ घालवायला. तेवढ्यात एक मालगाडी घाट चढत धापा टाकत आली, मागं ढकलणारी दोन इंजिनं. मागच्या इंजिनातल्या ड्रायव्हरनं लाल कोट बघितले, कोपर खिडकीत टेकलं आणि हॉर्नवर तोच ठेका दिला. पांडू लगबगीनं भोंगा आणि पिशवी घेऊन उभा राहिला.

“बस खाली,” गौराबाई म्हणाली. “ती थांबायची नाय.”

आणि तिनं ढोलावर ड्रायव्हरला ठेका परत दिला.